सुटलेल्या पेशीच्या मागावर

पॅप टेस्ट हे नाव दवाखान्यातल्या फलकावर किंवा तपासणीच्या कागदावर अनेकींनी वाचलेले असते. त्यातले ‘पॅप’ हे एखाद्या लांबलचक इंग्रजी संज्ञेचे लघुरूप असावे, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते एका ग्रीक माणसाच्या आडनावाचे संक्षिप्त रूप आहे. जॉर्ज पापानिकोलाऊ हे संपूर्ण नाव उच्चारताना अमेरिकन सहकाऱ्यांची जीभ अडखळे, म्हणून त्यांनी त्याचे ‘डॉ. पॅप’ केले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले.

त्या तपासणीत आणखी एका व्यक्तीचे नाव असायला हवे होते, ते मात्र कुठेच नाही. पापानिकोलाऊंची पत्नी मेरी सुमारे वीस वर्षे जवळजवळ रोज स्वतःच्या योनीमार्गातील स्रावाचा नमुना पतीच्या अभ्यासासाठी देत होती. दिवसभर त्याच प्रयोगशाळेत ती काम करी आणि संध्याकाळी पतीबरोबर घरी परते. निरोगी स्त्रीच्या शरीरातून रोज गळून पडणाऱ्या पेशी महिन्याच्या कोणत्या दिवशी कशा दिसतात, हे जगाला कळले ते बऱ्याच अंशी तिच्यामुळे.

पापानिकोलाऊंचा जन्म १३ मे १८८३ रोजी ग्रीसमधील एव्हिया बेटावरच्या किमी या गावी झाला. वडील निकोलाओस डॉक्टर होते आणि गावाच्या राजकारणातही त्यांचे वजन होते. चार भावंडांत जॉर्ज तिसरा. संगीत आणि तत्त्वज्ञान यांची ओढ असलेल्या या मुलाने व्हायोलिन शिकून घेतले. पण घरातल्या रिवाजाप्रमाणे शिक्षण वैद्यकाचेच घ्यावे लागले. अथेन्स विद्यापीठातून १९०४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते उत्तम गुणांनी डॉक्टर झाले. त्यानंतर लष्करात सहायक शल्यवैद्य म्हणून सक्तीची सेवा झाली. मुलाने एकतर लष्करात राहावे नाहीतर गावात आपल्या शेजारी दवाखाना थाटावा, असे वडिलांना वाटत होते. मुलाला यातले काहीच नको होते. डॉक्टरकी करत गावात आयुष्य काढायचे नाही, एवढे त्याच्या मनाने पक्के घेतले होते. अखेर वडिलांनीच हात टेकले आणि १९०७ मध्ये त्याला जर्मनीला पाठवले.

जीवशास्त्र शिकायचे तर त्या काळी जर्मनीसारखी जागा नव्हती. येना येथे अर्न्स्ट हेकेल, फ्रायबुर्ग येथे ऑगस्ट वाइझमान आणि म्युनिकमध्ये रिचर्ड हर्टविग अशा तीन मोठ्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९१० मध्ये म्युनिकला त्यांना डॉक्टरेट मिळाली ती डॅफ्निया या पाण्यातल्या इवल्याशा पिसवेवरील प्रबंधाबद्दल. या जीवात नर आणि मादी कसे ठरतात, हा त्याचा विषय. आपल्याला वाटेल की याचा कर्करोगाशी काय संबंध? सरळ संबंध काहीच नाही. पण एकेका पेशीकडे तासन्‌तास पाहत राहण्याची आणि तिच्यातला बारीकसा बदल टिपण्याची सवय डोळ्यांना लागली ती इथे.

मायदेशी परतताना बोटीवर त्यांची गाठ अँड्रोमाकी माव्रोयेनी या तरुणीशी पडली. लष्करी परंपरेच्या नामांकित घराण्यातली ही मुलगी, जवळच्यांची मेरी. सप्टेंबर १९१०मध्ये दोघांनी लग्न केले आणि ग्रीस सोडले. मोनॅकोमध्ये समुद्रविज्ञान संस्थेत त्यांना काम मिळाले आणि तिथल्या राजपुत्राच्या संशोधन-जहाजावर एक सफरही झाली. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटले तेव्हा ते पुन्हा गणवेशात आले. या युद्धात लढायला अमेरिकेतून काही ग्रीक स्वयंसेवक आले होते. त्यांच्या तोंडून अमेरिकेचे वर्णन ऐकून युद्ध संपताच तिकडे जायचे असे त्यांनी ठरवले.

१९ ऑक्टोबर १९१३ रोजी हे जोडपे न्यूयॉर्क बंदरात उतरले. खिशात २५० डॉलर, म्हणजे देशात पाऊल टाकायला लागणारी किमान रक्कम. इंग्रजी दोघांनाही धड येत नव्हते. जर्मनीची डॉक्टरेट आणि अथेन्सची वैद्यकीय पदवी यांना विचारणारे कोणी नव्हते. गिंबल्स या मोठ्या दुकानात मेरीला बटणे शिवण्याचे काम मिळाले, आठवड्याला पाच डॉलर पगारावर. त्याच दुकानात पापानिकोलाऊ गालिचे विकायला उभे राहिले. ते त्यांना एक दिवसही नीट जमले नाही. मग उपाहारगृहात व्हायोलिन वाजव, ग्रीक भाषेतल्या वर्तमानपत्रात कारकुनी कर, असे दिवस गेले. स्थलांतरितांच्या कहाण्यांत असे दिवस नेहमीच सापडतात. सुटका झाली ती मात्र पाण्यातल्या त्या पिसवेमुळे. कोलंबिया विद्यापीठातील थोर आनुवंशशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांनी डॅफ्नियावरचा तो प्रबंध वाचला होता. त्यांनी शब्द टाकला आणि न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या विकृतिशास्त्र विभागात जागा मिळाली. १९१४ मध्ये पापानिकोलाऊ कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागात चार्ल्स स्टॉकर्ड यांच्याकडे रुजू झाले. मेरीही प्रयोगशाळेत आली, पण बिनपगारी. पुढची जवळपास पन्नास वर्षे दोघे कॉर्नेल सोडून कुठे गेले नाहीत.

स्टॉकर्ड यांच्याकडे गिनीपिगांचा मोठा ताफा होता. मद्याच्या वाफेचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो, हे ते त्यांच्यावर तपासत. पापानिकोलाऊंना या प्राण्यांकडून वेगळेच काही हवे होते. अंडाशयातून बाहेर पडण्याच्या नेमक्या आधीच्या अवस्थेतील स्त्रीबीज मिळाले, तर लिंगनिश्चितीचा प्रश्न आणखी पुढे नेता येईल, असा त्यांचा बेत होता. अडचण अशी की गिनीपिगच्या मादीला बाहेरून दिसणारी पाळी नसते. ती वेळ कधी येते हे कळण्याचा मार्गच नव्हता. अंदाजाने मादी मारायची, अंडाशय उघडायचे आणि बहुतेक वेळा निराश व्हायचे. इतके प्राणी असे फुकट मारणे त्यांना खटकू लागले. स्त्रियांना दर महिन्याला स्राव होतो, तसा या प्राण्यांनाही थोडा का होईना होत असेल, डोळ्यांना दिसत नाही एवढेच, असा विचार त्यांच्या मनात आला. माणसाच्या नाकात पाहण्यासाठी डॉक्टर वापरतात तसले एक लहान उपकरण त्यांनी विकत आणले आणि मादीच्या योनीमार्गातून थेंबभर द्रव घेऊन तो काचपट्टीवर पसरला.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते पाहून ते थक्क झाले. काचपट्टी पेशींनी गजबजलेली होती आणि दिवसागणिक त्या पेशींचे रूप बदलत होते. पंधरा-सोळा दिवसांचे चक्र संपले की पहिले रूप परत येई. आता प्राणी न मारता, केवळ गळून पडलेल्या पेशी वाचून, अंडाशयात काय चालले आहे हे सांगता येत होते. १९१७ मध्ये स्टॉकर्ड आणि पापानिकोलाऊ यांचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. हीच युक्ती उंदरांवर वापरून पुढे एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी १९२३ मध्ये स्त्री-संप्रेरकाचा माग काढला. पापानिकोलाऊंनी तेवढेच करून थांबायचे ठरवले असते, तरी अंतःस्रावशास्त्राच्या इतिहासात त्यांचे नाव राहिलेच असते.

यानंतर मेरीचे नमुने सुरू झाले. माणसाचे चक्र गिनीपिगांइतके स्पष्ट नव्हते. बदल हळुवार, एकमेकांत मिसळलेले. म्हणून एकाच स्त्रीचे नमुने वर्षानुवर्षे हवे होते. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वुमन्स हॉस्पिटलमधील स्त्रियांचे नमुनेही मिळू लागले. त्यात निरोगी होत्या, गरोदर होत्या आणि आजारीही होत्या. त्यांपैकी एका काचपट्टीवर त्यांना काही पेशी अशा दिसल्या की ज्या कोणत्याही दिवसाच्या, कोणत्याही अवस्थेच्या यादीत बसेनात. केंद्रक अवाढव्य, गडद, वेडेवाकडे. एक पेशी दुसरीसारखी नाही. त्या स्त्रीला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता. आयुष्यात फार थोड्या वेळा मिळावा असा तो क्षण होता, हे त्यांनी नंतर अनेकदा बोलून दाखवले. शोध हा सहसा असाच लागतो. हजारो निरोगी पेशी आधी पाहिलेल्या असल्याशिवाय रोगट पेशी ओळखू येत नाही.

गाठीतल्या पेशींची आपापसातली पकड सैल असते. त्या सुटतात, शरीरातल्या द्रवात मिसळतात आणि वाहत जातात. ही साधी गोष्ट म्हणजे पापानिकोलाऊंच्या साऱ्या कामाचा पाया. गाठीपर्यंत पोहोचून तिचा तुकडा कापण्याऐवजी, गाठीने स्वतःहून सोडून दिलेली पेशी शोधायची.

जानेवारी १९२८ मध्ये त्यांनी हा शोध मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे मांडला. सभा निवडली ती अगदीच चुकीची. कॉर्नफ्लेक्सवाल्या जॉन हार्वे केलॉग यांनी भरवलेली ‘वंशसुधारणा’ परिषद होती ती. श्रोत्यांत विकृतिशास्त्रज्ञ नावालाच. निबंधासोबत छापलेली छायाचित्रे धूसर निघाली, वक्त्याचे इंग्रजी ग्रीक वळणाचे. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण त्याहून जास्त लागले असेल ते घरच्यांचे मौन. कॉर्नेलमधले जेम्स युइंग हे त्या काळचे कर्करोगाचे मातब्बर विकृतिशास्त्रज्ञ. गर्भाशयमुख तर डोळ्यांना दिसते, त्याची बायोप्सी सहज घेता येते. मग सुट्या पेशी हुडकत बसायचे कशाला, असा त्यांचा रोख होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. ज्या स्त्रीला दिसण्याजोगी गाठ आहे, तिच्यासाठी बायोप्सीच चांगली. ज्या स्त्रीला अजून गाठ दिसत नाही, काही त्रासही नाही, तिचे काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्याच डोक्यात नव्हता. खरे तर पापानिकोलाऊंच्याही डोक्यात तो पुरता उमटलेला नव्हता.

इथे आणखी एका माणसाचा उल्लेख व्हायला हवा. रुमानियाचे ऑरेल बाबेश यांनी गर्भाशयमुखावरच्या पेशी प्लॅटिनमच्या तारेने घेऊन त्यावरून कर्करोग ओळखण्याची पद्धत बुखारेस्टच्या वैद्यकसभेत १९२७ च्या जानेवारीत, म्हणजे एक वर्ष आधी, मांडली होती. १९२८ मध्ये ती फ्रेंचमध्ये छापूनही आली. दोघांना एकमेकांची वार्ता नव्हती आणि दोघांच्या पद्धतीही वेगळ्या. रुमानियात आजही या तपासणीला बाबेश यांचे नाव जोडतात. पापानिकोलाऊ पहिले होते का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर नाही असेच आहे. चिकाटीने ती तपासणी दवाखान्यांपर्यंत नेणारे मात्र तेच.

ही चिकाटी दाखवण्याची वेळ यायला दहा वर्षे लागली. मधल्या काळात ते संप्रेरकांच्या आणि मासिक चक्राच्या कामाकडे वळले. १९३३ मध्ये स्त्रीच्या चक्रावरचा त्यांचा मोठा प्रबंध आला. कर्करोगाचा विषय खणात पडून राहिला. १९३९ मध्ये जोसेफ हिन्सी विभागप्रमुख झाले आणि त्यांनी तो पुन्हा काढायला लावला. स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट जोडीला आले. न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या स्त्रीरोग विभागात दाखल होणाऱ्या प्रत्येक स्त्रीचा नमुना घ्यायचा, लक्षणे असोत वा नसोत, असे ठरले. आणि मग काचपट्ट्यांवर असे कर्करोग सापडू लागले, जे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांना दिसलेच नव्हते. काही इतके सुरुवातीचे की त्वचेच्या वरच्या थरापलीकडे गेलेलेही नव्हते. युइंग यांच्या आक्षेपाला उत्तर मिळाले ते हे. १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये सुमारे तीन हजार स्त्रियांच्या अनुभवावर आधारलेले छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यातली पेशींची रंगीत चित्रे जपानमध्ये जन्मलेले चित्रकार हाशिमे मुरायामा यांनी काढली होती. पेशी ओळखायला शिकवायचे तर शब्द अपुरे पडतात, हे बॅटल क्रीकला ते शिकले होते.

पुस्तकाइतकेच महत्त्व १९४२ मध्ये जाहीर केलेल्या रंगपद्धतीला आहे. नमुना काचपट्टीवर पसरला की तो वाळू द्यायचा नाही. ओला असतानाच ईथर आणि अल्कोहोलच्या मिश्रणात बुडवायचा. वाळला की केंद्रक फुगते आणि त्यातले बारकावे पुसले जातात. मग रंग चढवायचे. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रक निळे-काळे होते, कडक झालेल्या पेशी नारिंगी दिसतात, पक्व पेशी गुलाबी आणि कोवळ्या हिरव्या-निळ्या. रंग इतके पारदर्शक की एकावर एक चढलेल्या पेशींमधूनही खालचे दिसते. जगभरच्या प्रयोगशाळांत ही पद्धत थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. सुरुवातीला नमुना काचेच्या नळीने ओढून घेत. १९४७ मध्ये कॅनडाचे अर्नेस्ट आयर यांनी गर्भाशयमुखावरून पेशी थेट खरवडणारी लाकडी पट्टी आणली आणि काम मिनिटाभराचे झाले.

त्या काळात अमेरिकेत स्त्रियांच्या कर्करोगमृत्यूंत गर्भाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक अगदी वरचा होता. तपासणी सर्वत्र पोहोचली तसतसे हे मृत्यू घटत गेले आणि पुढच्या काही दशकांत निम्म्याहून खूप खाली आले. पापानिकोलाऊंना १९५० मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. १९५४ मध्ये त्यांचा पेशींचा मोठा चित्रसंग्रह निघाला. गर्भाशयापुरते ते थांबले नाहीत. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी लघवीच्या गाळातल्या पेशी पाहण्याचा निबंध मार्शल या सहकाऱ्यासोबत त्यांनी १९४५ मध्येच लिहिला होता. थुंकी, पोटातले पाणी, छातीतले पाणी, जिथे जिथे द्रव तिथे तिथे सुटलेली पेशी सापडण्याची शक्यता होती.

मग रक्ताचे काय? कर्करोग शरीरभर पसरतो तो बहुतेक वेळा रक्तवाटेनेच. म्हणजे सुटलेली पेशी रक्तातही असलीच पाहिजे. मेलबर्नचे थॉमस अ‍ॅशवर्थ यांनी १८६९ मध्येच एका मृत रुग्णाच्या रक्तात, त्याच्या गाठींमधल्या पेशींसारख्याच पेशी पाहिल्या होत्या. पापानिकोलाऊंच्या तंत्राने सुट्या पेशी वाचण्याची विद्या सर्वत्र पोहोचली, तेव्हा १९५० च्या दशकात अनेकांनी रक्ताकडे मोर्चा वळवला. डेन्मार्कचे शल्यविशारद एंगेल यांनी १९५५ मध्ये कर्करुग्णांच्या रक्तात अशा पेशी सापडल्याचे विस्ताराने नोंदवले. पाठोपाठ निबंधांचा पूर आला. आणि दहा वर्षांतच तो ओसरला. फेरतपासणीत आढळले की कर्कपेशी म्हणून मोजलेल्या बऱ्याच पेशी रक्ताच्याच होत्या. विशेषतः अस्थिमज्जेतून वाट चुकून आलेल्या, मोठ्या केंद्रकाच्या पेशींनी भल्याभल्यांना फसवले होते.

गोम अशी की रक्त हे लघवी किंवा योनीमार्गातल्या स्रावासारखे नाही. तिथे गळलेल्या पेशी एका जागी साचतात, आणि तुलनेला पेशी मोजक्याच असतात. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे पाचशे कोटी तांबड्या पेशी आणि चाळीस लाखांपासून एक कोटीपर्यंत पांढऱ्या पेशी. त्यात कर्कपेशी असलीच तर एखाद-दुसरी, फार तर मूठभर. रक्त काचपट्टीवर पसरून डोळ्यांनी पाहत बसणे म्हणजे पंढरीच्या वारीत एकच चेहरा शोधण्यासारखे, आणि तोही अनोळखी. इथे वाचण्याआधी निवडणे आले. म्हणून आधी तांबड्या पेशी रसायनाने फोडून टाकायच्या, किंवा रक्त जोरात फिरवून वजनाप्रमाणे थर वेगळे करायचे. न्यूयॉर्कचे सॅम्युएल सील यांनी १९६४ मध्ये सरळ चाळणीच वापरली: कर्कपेशी सहसा आकाराने मोठी, तेव्हा बारीक छिद्रांतून रक्त गाळले की ती वर राहते. युक्ती घरगुती पीठ चाळण्याइतकी सोपी आणि आजही वापरात असलेली. अडचण एवढीच की काही पांढऱ्या पेशीही थोराड असतात आणि काही कर्कपेशी लहानखुऱ्या, लवचीक. त्या छिद्रातून निसटतात.

पुढे ओळख पटवण्याची रीत बदलली. अवयवांच्या अस्तरातून उगम पावणाऱ्या कर्करोगांच्या पेशींवर एपकॅम नावाचे प्रथिन असते, रक्तपेशींवर ते नसते. त्याला चिकटणारे प्रतिपिंड लोहाच्या सूक्ष्म कणांना जोडायचे, ते रक्तात मिसळायचे आणि लोहचुंबक लावायचा. कर्कपेशी कणांसह ओढली जाते. मग रंगद्रव्ये लावून खात्री करायची की हिला केंद्रक आहे, अस्तराच्या पेशीचे प्रथिन आहे आणि पांढऱ्या पेशीची खूण नाही. या तत्त्वावरच्या सेलसर्च या यंत्रणेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मान्यता दिली. साडेसात मिलिलिटर रक्त घ्यायचे. पसरलेल्या स्तनकर्करोगात त्यात पाच किंवा अधिक कर्कपेशी सापडल्या तर रोगाची वाटचाल वाईट असण्याची शक्यता जास्त. २००७ मध्ये बॉस्टनच्या गटाने हजारो सूक्ष्म खांबांची चिप केली. प्रतिपिंडांचा लेप दिलेल्या त्या खांबांमधून रक्त संथपणे वाहू दिले की कर्कपेशी खांबांना चिकटतात. पण पसरण्याच्या बेतात असलेल्या पेशी कित्येकदा एपकॅम गमावून बसतात आणि नेमक्या त्याच गळाला लागत नाहीत. म्हणून काहींनी उलटी वाट धरली: कर्कपेशी शोधायचीच नाही, पांढऱ्या पेशी खुणेनुसार काढून टाकायच्या आणि उरेल ते पाहायचे.

इतके करूनही ही पेशी अजून पॅप टेस्टच्या जवळपास पोहोचलेली नाही. मोजणीवरून रोगाचे भविष्य थोडे सांगता येते. पण संख्या घटली नाही म्हणून औषध लवकर बदलले तर रुग्ण जास्त जगतात का, हे पाहणाऱ्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत तसा फायदा दिसला नाही. निरोगी माणसात कर्करोग हुडकण्यासाठी तर ही तपासणी नाहीच. रोगाच्या सुरुवातीला रक्तात पेशी इतक्या विरळ असतात की एका नळीभर रक्तात ती न सापडणे काहीच सांगत नाही. रक्ताच्या एका थेंबात सगळे कर्करोग कळतील अशा जाहिराती येतात तेव्हा एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

पापानिकोलाऊंनी चाळणीचा हा निबंध पाहिला नाही. त्यांचे आयुष्य फार एकमार्गी गेले. आठवड्याचे सहा-साडेसहा दिवस सूक्ष्मदर्शक, सुट्ट्या जवळपास नाहीतच. मूलबाळ नव्हते. लाँग आयलंडवरच्या घरी जातानाही काम सोबत असे. कॉर्नेलमध्ये त्यांनी पेशीपरीक्षणाचे वर्ग सुरू केले आणि तिथून जगभरचे डॉक्टर व तंत्रज्ञ शिकून गेले. काचपट्ट्या पाहणाऱ्या तंत्रज्ञांची एक नवी जमातच तयार झाली, तीत बहुसंख्य स्त्रिया. त्यांचे नाव नोबेलसाठी सुचवले गेले, मिळाले नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी नोबेल आले ते २००८ मध्ये, त्यामागचा विषाणू, एचपीव्ही, दाखवून देणारे हाराल्ड झुर हाउसेन यांना.

स्वतःची संस्था असावी ही इच्छा मात्र होती. १९६१ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, ते कॉर्नेल सोडून मायामीच्या कर्करोग संस्थेचे प्रमुख झाले. तीनेक महिनेच झाले असतील. १९ फेब्रुवारी १९६२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या तपासणीची महाराष्ट्रात एक कडक परीक्षा झाली, ती इथे सांगायलाच हवी. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांना चार गटांत विभागले. एका गटाची एचपीव्ही तपासणी, एकीची पॅप, एकीची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी आणि चौथा गट नेहमीच्या सेवेवर. प्रत्येकीची तपासणी एकदाच. आठ वर्षांनंतर, २००९ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत एचपीव्ही गटातील मृत्यू जवळजवळ निम्मे होते. पॅप गटात मात्र ठोस घट दिसली नाही. पॅप तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, नमुना नीट हवा, काचपट्टी वाचणारा डोळा तयार हवा. पाश्चात्त्य देशांत हे सगळे होते म्हणून ती तिथे यशस्वी ठरली. आयुष्यात एकदाच तपासणी होणार असेल तर विषाणू शोधणेच शहाणपणाचे, आणि आता जागतिक आरोग्य संघटनाही एचपीव्ही तपासणीलाच पहिली पसंती देते. व्हिनेगरची तपासणी मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी केली तेव्हा तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हेही टाटा रुग्णालयाचेच काम.

भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो आणि पाऊण लाखाहून अधिक त्यात दगावतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची कोणतीही तपासणी एकदा तरी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. वयाची तिशी ओलांडलेल्या, काही त्रास नसलेल्या स्त्रीनेही जवळच्या सरकारी रुग्णालयात याबाबत विचारावे. पॅप असो, एचपीव्ही असो वा व्हिनेगर, जी उपलब्ध असेल ती. संभोगानंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल, तर तपासणीची वाट न पाहता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

ग्रीसने १९९५ मध्ये दहा हजार द्राख्माच्या नोटेवर पापानिकोलाऊंचे चित्र छापले. २००२ मध्ये युरो आला आणि ती नोट व्यवहारातून गेली. मेरी पतीमागे मायामीतच राहिली, त्यांच्या नावाच्या संस्थेत काम करत राहिली आणि १९८२ मध्ये वारली.